‘सीझन 1’ असे लिहून अर्ध्यावर सोडलेल्या मालिकेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि मालिका विभागाचे प्रमुख

विषय : दुसरा सीझन रद्द करूनही पहिला सीझन पूर्वीच्याच जाहिरातीसह दाखवत राहिल्याबद्दल

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या ऑनलाइन मालिका सेवेच्या ग्राहक सेवा केंद्राशी 42 मिनिटे बोलल्यानंतर हे पत्र लिहीत आहे. यापुढे फोनवर मी काहीही सांगणार नाही. कोणती मालिका, तिचे भाग किती आणि शेवटच्या दृश्यात तळघराच्या दारावर आतून टकटक ऐकू येते न येते तोच पडदा कसा काळा होतो, हे तुम्हाला समजावण्याची गरज नसावी. ती तुम्हीच काढली आणि तुम्हीच बंद केली.

आमच्या घरी ती मालिका दर रविवारी रात्री जेवणे उरकल्यावर एक भाग, अशी 8 रविवार पाहिली गेली. माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. परकी भाषा आणि खाली झरझर सरकणारी अक्षरे त्यांना झेपत नाहीत, म्हणून मी दर दोन-तीन वाक्यांनी चित्र थांबवून मजकूर वाचून दाखवत असे आणि 50 मिनिटांच्या भागाला दीड तास लागत असे. अण्णांनी त्यासाठी शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर पात्रांची नावे आणि नाती, उजव्या पानावर कोण कोणत्या दिवशी कुठे होते त्याची नोंद, अगदी स्थानकावरच्या गाड्यांच्या वेळा लिहाव्यात तशी. शेवटच्या पानावर ‘पुढे पाहणे’ असे लिहून त्यांनी तीन प्रश्न मांडले आहेत. मालिका बंद झाल्याचे आम्हाला सहाव्या रविवारच्या आधी वर्तमानपत्रातून समजले. तुमच्याकडून त्याबद्दल एक ओळही आली नाही, मात्र वर्गणीचे नूतनीकरण करा असे सांगणारे तीन ईमेल त्याच महिन्यात आले.

आता कालच्या बोलण्याविषयी. तुमच्या प्रतिनिधीने प्रथम सांगितले, “मॅडम, सिस्टीममध्ये ही मालिका तुमच्या खात्यावर शंभर टक्के पाहिलेली दिसते, म्हणजे सेवा पूर्ण मिळालेली आहे.” मी म्हटले, भाग संपले आहेत, गोष्ट संपलेली नाही. त्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचले. मग तशाच प्रकारच्या दोन मालिका सुचवल्या. त्यांपैकी एक तुम्ही स्वतःच एका सीझननंतर बंद केलेली आहे, हे मलाच त्यांना सांगावे लागले. तेव्हा त्यांनी वरिष्ठांना विचारते म्हणून 11 मिनिटे संगीत ऐकवले आणि परत येऊन म्हणाल्या, “मॅडम, सीनियर सिटिझनना तसेही फारसे लक्षात राहत नाही, त्यांना दुसरे काहीतरी लावून द्या.” फोनचा स्पीकर चालू होता. अण्णा शेजारच्या खुर्चीत वही मांडीवर घेऊन बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटली, चष्मा घडी करून तिच्यावर ठेवला आणि आत निघून गेले. सहा महिन्यांपूर्वीच्या भागातले आडनाव ज्यांना आजही तोंडपाठ आहे, त्यांच्याविषयी, त्यांच्या देखत हे बोलले गेले. या एका वाक्याबद्दल मला लेखी माफी हवी आहे, आणि ती अण्णांच्या नावे हवी आहे.

मालिका बंद करण्याचे कारण ‘अपेक्षेपेक्षा कमी प्रतिसाद’ असे सांगण्यात आले. हा प्रतिसाद कसा मोजतात, हे आता गुपित राहिलेले नाही. नेटफ्लिक्सने 2019 मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीला कळवले होते की मालिका सुरू करणारे, बरीचशी पाहणारे आणि 90 टक्के पूर्ण करणारे असे प्रेक्षकांचे गट ते मोजतात आणि पहिल्या 7 व पहिल्या 28 दिवसांचे आकडे निर्मात्यांना देतात. तुमचीही मोजणी अशीच असेल, तर आठ रविवार मन लावून पाहणारे आमचे घर पहिल्या महिन्याअखेर ‘अर्धवट सोडणाऱ्यां’मध्ये धरले गेले असणार. शिवाय मालिका मध्येच बंद होते या धास्तीने माझ्या ओळखीतील कितीतरी जण सगळे सीझन आल्याखेरीज हात लावत नाहीत; त्यांनी हात लावला नाही म्हणून आकडा खाली येतो आणि आकडा खाली आला म्हणून तुम्ही मालिका बंद करता. हा अविश्वास तुम्ही निर्माण केला आहे आणि त्याची किंमत लेखक, कलाकार आणि आमच्यासारखे प्रेक्षक मोजत आहेत.

दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणू नका. नेटफ्लिक्सची ‘सेन्स8’ ही मालिका 2017 मध्ये रद्द झाली तेव्हा प्रेक्षकांच्या आग्रहामुळे 8 जून 2018 रोजी सुमारे अडीच तासांचा समारोपाचा भाग काढण्यात आला आणि मुंबईच्या कला दांडेकरसह आठही प्रमुख पात्रांची गोष्ट शेवटाला गेली. अमेरिकेत 2007 मध्ये एका वाहिनीने ‘जेरिको’ ही मालिका बंद केली तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीच्या कार्यालयात टनावारी शेंगदाणे पाठवले आणि वाहिनीला आणखी 7 भाग काढावे लागले. मी शेंगदाणे पाठवणार नाही. अण्णा म्हणतात, एसटी वाटेत बंद पडली तर त्याच तिकिटावर प्रवाशांना मागच्या गाडीत बसवून द्यावे लागते, घाटात उतरवून गाडी डेपोत नेता येत नाही. मला एवढेच मागायचे आहे.

समारोपाचा एक भाग काढा. ते शक्य नसेल तर लेखकांनी योजलेला शेवट त्यांच्या संमतीने चार पानांत प्रसिद्ध करा. आणि तोपर्यंत त्या मालिकेच्या चित्राखाली लिहिलेले ‘सीझन 1’ हे शब्द काढून ‘कथा अपूर्ण, पुढील भाग येणार नाहीत’ असे स्पष्ट लिहा. हे मी तुमच्या प्रतिनिधीलाही तीनदा सांगितले : दुसरा येणार नाही हे ठरल्यावरही ‘सीझन 1’ लिहून ठेवणे म्हणजे नव्या प्रेक्षकाला फसवणे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आमच्या गल्लीतल्या चार घरांना तुमची सेवा मी घ्यायला लावली होती, कारण तुम्ही संथ, नीट लिहिलेल्या गोष्टी दाखवत होता. त्या चारही घरांना मी आता वर्गणी भरू नका असे सांगितले आहे. माझ्या खात्याचे आपोआप होणारे नूतनीकरण काल रात्रीच बंद केले आहे.

आपली,
एक वर्गणीदार, मिरज

सोबत : वहीच्या शेवटच्या पानाची छायाप्रत. त्यावरील तीन प्रश्नांची उत्तरे लेखकांकडून घेऊन कळवावीत.