आई, चार्जर बाबांना परत दे

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. न.

रविवारी रात्री फोनवर आपण तिघंही मोठ्याने बोललो आणि कुणीच कुणाचं ऐकलं नाही, म्हणून लिहायला बसले. बाबांना हल्ली शब्द सापडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण दोघी त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. पत्रात निदान तसं होणार नाही.

बाबा, आधी तुमची माफी मागते. तुम्ही विजेवरच्या चाकाच्या खुर्चीतून एकटेच दीड तास बाहेर होतात, फोन टेबलावरच राहिला होता, आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, हे सगळं खरं. पण मी तुम्हाला विचारलं, "कुणाला विचारून गेलात?" एकोणऐंशी वर्षांच्या वडिलांना हे विचारणारी मी कोण? कुठे गेला होतात, हे मात्र विचारलंच नाही. ते दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. शिवाजी पार्काच्या पाच नंबर गेटला, क्रिकेट शिकवणाऱ्या रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक बघायला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं अनावरण झालं, ते तुम्ही घरात टीव्हीवर पाहिलंत. जागा आपल्या दारापासून दहा मिनिटांवर. उभं आयुष्य त्या मैदानाच्या कडेला, पावसात कांगा लीगचे क्रिकेट सामने लिहिण्यात घालवलेल्या माणसाला तिथवर न्यायला आमच्यापैकी कुणालाही सवड झाली नाही. मी त्यानंतर दोनदा मुंबईला येऊन गेले. मीही नेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मामेबहिणीच्या लग्नात तुमची जुनी, ढकलायची खुर्ची माझ्या हातात होती. कुणीतरी हाक मारली म्हणून मी ती हॉलच्या एका कडेला लावली आणि बोलण्यात गुंतले. परत आले तेव्हा पाहिलं, तुमचं तोंड भिंतीकडे होतं. वीसेक मिनिटं तुम्ही त्या भिंतीकडे बघत बसला होतात, मागे सनई चालू होती. तुम्ही काही बोलला नाहीत. "चल" एवढंच म्हणालात. ती भिंत मला अजून आठवते, पिस्ता रंगाची, खाली हात धुवायच्या बेसिनचे शिंतोडे उडालेली.

उजवा हात लुळा पडल्यावर त्या खुर्चीचा तुम्हाला स्वतःहून उपयोगच नव्हता, हे तेव्हा आमच्या ध्यानात यायला हवं होतं. एकाच हाताने एकच चाक ढकललं की खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. म्हणजे कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, कुणाकडे बघायचं, हे ढकलणारा ठरवणार. तीन वर्षं ते आम्ही ठरवलं. म्हणून यंदा विजेवरची खुर्ची घेतली आणि जॉयस्टिक मुद्दाम डाव्या बाजूला बसवून घेतली. तुम्ही पहिल्यांदा ती पुढे केलीत, खुर्ची स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तुम्ही ती स्वतःच वळवून खिडकीशी नेलीत. तिथे बराच वेळ नुसते बसून राहिलात. मी आणि आई पाठीमागे उभ्या होतो आणि आम्हाला काही काम उरलं नव्हतं.

आई, आता तुझ्याशी.

खुर्चीचा चार्जर तू कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला आहेस. तू घाबरलीस, हे मला कळतं. त्या पहाटे बाबा मोरीच्या दाराशी पडलेले तुला दिसले. ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुझ्या भीतीला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण तुझ्या मनात जे आहे, की उतारावर खुर्ची सुटली तर काय, त्याबद्दल दुकानातल्या मुलाने दाखवलेलं पुन्हा सांगते. त्या खुर्चीला मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी आहेत. जॉयस्टिक सोडली की मोटारी थांबतात आणि ब्रेक आपोआप लागतात. स्कूटरसारखं ब्रेक दाबायला लागत नाही, बोट काढलं की झालं. धोका आहे तो मोटारीजवळच्या छोट्या खटक्याचा. तो सैल केला की खुर्ची हाताने ढकलता येते, पण मग ब्रेकही लागत नाहीत. केर काढताना बाई तो सैल करते. बाबा बसायच्या आधी तो खटका घट्ट आहे ना, एवढं रोज बघ. आणि बाबा, तुम्ही बसताना-उठताना स्विच बंद. सदऱ्याची बाही जॉयस्टिकला लागली तरी खुर्ची हलते. पायाच्या पाट्याही आधी वर उचलायच्या, त्यांच्यावर उभं राहून उठलं तर खुर्ची पुढे कलंडते.

फुटपाथचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे. उंची कुठे अर्धा फूट, कुठे उतार केलाय तर त्याच्या तोंडाशी कुणाची तरी मोटारसायकल. गाड्या चढू नयेत म्हणून लावलेले ते खांब इतके जवळजवळ, की खुर्चीही अडते. चाकाच्या खुर्चीवरच्या एका मुंबईकराने हेच उच्च न्यायालयाला ईमेल करून कळवलं होतं आणि २०२३ साली न्यायालयाने त्यावर स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. तरी आपल्या गल्लीतला खांब अजून आहे तिथेच आहे. मला त्याचा राग येतो. पण खांब महापालिकेने लावला आणि घरात बाबांनी बसायचं, हे मला पटत नाही.

आणि तू हे सगळं विसरलीस का? आपल्या इमारतीच्या तीन पायऱ्या, मिळून अठरा इंच. एका इंचाच्या चढाला एक फूट लांबी लागते, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. समोर जागा जेमतेम दहा फूट. सोसायटीच्या सभेत एका गाडीची जागा जाईल म्हणून सगळे गप्प बसले, तेव्हा २०१६ च्या दिव्यांग कायद्याची प्रत हातात धरून तू एकटी उभी राहिलीस. आयुष्यात कधी सभेत न बोललेली तू. मधे एक वळण देऊन रॅम्प बसतो, हे कागदावर आखून दाखवलंस तेही तूच. तो रॅम्प कशासाठी केलास, आई? बाबांनी त्यावरून खाली उतरावं म्हणूनच ना?

तू बरोबर गेलीस तरी तुझा हात खुर्चीच्या मागच्या दांडीवर असतो. गरज नसते, तरी असतो. रविवारी बाबा तुला न सांगता गेले ते या हातामुळे, असं मला वाटतं. तुझं मन दुखवायला हे लिहीत नाही. तुझी स्वतःची संध्याकाळ तीन वर्षांत कुठे गेली, याचाही विचार कर. तुझं भजनी मंडळ गुरुवारी अजून भरतं, परवाच तुझ्या मैत्रिणीने मला विचारलं.

बाबा, तुमच्याकडूनही काही हवं आहे. फोन गळ्यात अडकवायची पिशवी पाठवते आहे, ती घालूनच निघा. खुर्चीचा पट्टा लावायचा. उतारावर वेग सगळ्यात कमी ठेवायचा आणि फुटपाथच्या उतारावर सरळ जायचं, तिरकं नाही. निम्मी बॅटरी संपायच्या आत घराकडे वळायचं, कंपनी सांगते तितके किलोमीटर आपल्या रस्त्यांवर मिळत नाहीत. पाऊस आला तर जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी आणि सरळ आडोसा. कांगा लीगसाठीसुद्धा भिजायचं नाही. आणि निघताना आईला सांगायचं. परवानगी नको, फक्त "पार्कात जातो" एवढं. तो शब्द तुम्हाला आता नीट म्हणता येतो, मी ऐकला आहे.

मी शनिवारी सकाळी येते, दोन दिवस आहे. स्टेशनवर कुणाला पाठवू नका. संध्याकाळी तुम्हाला समर्थ व्यायाम मंदिरातल्या मुलांचा मल्लखांब बघायचा असेल, तर मला यायला आवडेल. एकट्याने जायचं असेल तर मी आणि आई घरी चहा घेत बसू. तुम्ही सांगाल तसं.

आई, चार्जर आज रात्रीच लाव. ती बॅटरी रिकामी ठेवली की खराब होते.

तुमची,
चिऊ