बाबा, तिला कळतं

बडोदे

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढ्याशा जिवाला आत्ता काय कळतंय? दिवाळीत येऊ, तोवर माणसं ओळखायला लागेल." बाळ रडत होतं, त्यामुळे मला नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, तिला कळतं. म्हणूनच दिवाळीची वाट न बघता तुम्ही दोघांनी आत्ता यावं असं मला फार वाटतंय.

दूध पिता पिता ती मध्येच थांबते आणि माझ्या कपाळाकडे टक लावून बघते, अगदी केस सुरू होतात त्या रेषेवर. काळ्या-उजळाचा फरक तान्ह्यांना आधी दिसतो. नजर जेमतेम २० ते ३० सेंटिमीटरवर ठरते, म्हणजे कुशीतून आईच्या तोंडापर्यंत. व्हिडिओ कॉलवर तुम्ही तिला डोळे भरून बघता, पण तिला तुम्ही दिसतच नाही.

कान मात्र पोटातच तयार झालेले असतात. डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये तीन दिवसांच्या आतल्या बाळांना एक चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज ऐकू येईल असं चोखू लागली! वडिलांच्या आवाजाला मात्र नवजात बाळं अशी पसंती देत नाहीत, हे पुढे १९८४ मध्ये दिसलं. तो आवाज जन्मल्यावर, जवळून ऐकून ऐकून ओळखीचा होतो. समीर रोज ऑफिसमधून आला की हातपाय धुऊन तिच्याशी बोलत बसतो ते त्यासाठीच. मग आजोबांचा आवाज ओळखीचा व्हायचा कसा? लहानपणी मला मांडीवर घेऊन तुम्ही परवचा म्हणायचात, तो तिच्याही कानावर पडू दे. अर्थ कळायची घाई नाही.

बाबा, आणखी एक. आमच्या बडोद्यातच, सयाजीराव विद्यापीठात, प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या बाळांची वाढ मोजण्याचं मोठं काम केलं. अमेरिकेतल्या बेली पट्टीवर विसंबून न राहता इथल्या मुलांवरून मापं बसवली. 'बडोदा नॉर्म्स' म्हणतात ती हीच. १९७० मधली ही पट्टी १९९७ मध्ये सुधारली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत हालचालींच्या ६७ बाबी आणि समजेच्या १६३! मान धरणं, पालथं पडणं, बसणं आपण मोजतो, पण समज त्याच्या दुपटीहून जास्त ठिकाणी तपासावी लागली. हे वाचल्यापासून तिच्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

आई, तू म्हणतेस सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल. या बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी २६ मायलेकरांना वर्षभर घरी जाऊन पाहिलं आणि १९७२ मध्ये लिहिलं, की ज्यांच्या रडण्याला सुरुवातीच्या महिन्यांत लगेच ओ मिळाली ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. सध्या आमच्याकडे तिन्हीसांजेला रोज रडारड असते. दीड महिन्याच्या आसपास रडणं सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तोवर तिला घ्यायला माझे दोनच हात पुरत नाहीत गं.

तुझे हात हवेत ते मालिशसाठीही. पायावर आडवं घेऊन, टाचेपासून मांडीपर्यंत तेल जिरवत, मग पालथं करून पाठीवर पाणी सोडत तू दादाच्या लेकाला न्हाऊ घालायचीस. मला ती पकडच जमत नाही, बाळ निसटेल असं वाटतं. आणि हे नुसतं लाड करणं नव्हे. टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं मालिश केलं, तर दूध तेवढंच असून त्यांचं वजन ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. तू हे पिढीजात जाणतेस, मी वाचून शिकतेय.

गुटी आणि मध मात्र आणू नकोस. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध तर वर्ष होईपर्यंत बोटभरसुद्धा नाही, त्यातून कधी कधी जिवाणूंचं बीज जातं आणि तान्ह्या आतड्यात विष तयार होतं. माझ्यासाठी अळिवाचे लाडू जरूर आण.

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेस थेट इथे येते. बाबांच्या गुडघ्यांसाठी खालचा बर्थ मिळतो का बघा, आमच्याकडे लिफ्ट आहे. कुणाला सर्दी-खोकला असेल तर तो पूर्ण बरा होऊ दे. एक-दोन आठवड्यांत ती माणसाच्या तोंडाकडे बघून हसायला लागेल, ते चुकवू नका. तिकीट काढलं की कळवा, समीर स्टेशनवर येईल.

तुमची
मनू