किलपेकचं चर्च: मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इंग्लंडात एवढी मोठमोठी कॅथेड्रल असताना मी एका खेड्यातल्या चर्चचंच कौतुक का करतो, असं तू विचारलंस. म्हणून किलपेकबद्दल सविस्तर लिहितो.

हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळ हे छोटं गाव आहे. ह्यू नावाच्या नॉर्मन सरदारानं 1140 च्या सुमारास आपल्या गढीला लागूनच हे चर्च बांधवलं. मांडणी अगदी सरळ: गावकऱ्यांसाठी लांबट दालन, पुढे पाद्र्यांची जागा आणि शेवटी वेदीसाठी अर्धगोल टोक. उंच मनोरा वगैरे काही नाही. सगळा जीव ओतलाय तो तांबड्या वालुकाश्मातल्या कोरीवकामात.

दक्षिणेच्या दारापाशी तू जागचा हलणार नाहीस. कमानीखालच्या अर्धवर्तुळात वेल आहे. एका खांबावर वेलींच्या वेटोळ्यांत अडकलेले योद्धे आहेत. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांच्या समांतर रेघा जवळजवळ नऊशे वर्षांनीही बोटानं मोजता येतात! पावसाळी देशात, उघड्यावर हे टिकलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि छपराखाली भिंतीतून पुढे आलेले ते दगड! पंच्याऐंशीच्या आसपास शिल्लक आहेत, प्रत्येकावर वेगळं काहीतरी. येशूचं प्रतीक असलेलं कोकरू आहे, वाद्य वाजवणारा आहे, कुस्तीगीर आहेत. शिकारी कुत्रा आणि ससा तर शेजारी शेजारी, जिवलग असल्यासारखे. स्वतःची योनी दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी स्त्रीही आहे. ती तिथे कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला मात्र ती तिथे परकी वाटत नाही. कारागिराला जेवढं जग माहीत होतं तेवढं सगळं त्यानं देवाच्या घराला लावलं, अशी माझी समजूत आहे.

आतल्या कमानीच्या खांबांवर संत एकावर एक उभे आहेत. ही पद्धत स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राहून आली असावी, असं जाणकार म्हणतात. त्याला आधारही आहे: हेरफर्डशरमधल्याच शॉबडन गावचं चर्च उभारणारा ऑलिव्हर द मेर्लिमाँ सांतियागोच्या यात्रेला जाऊन आला होता. म्हणजे यात्रेकरूच्या पायानं कला कुठून कुठे पोचते बघ!

गढीच्या आता टेकाडावर थोड्या पडक्या भिंती उरल्यात. जुनं गाव गवताखाली गेलं. चर्चमध्ये मात्र आजही प्रार्थना होते. त्या कोरणाऱ्यांचं नाव कुठेच नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

दाराचे फोटो वेगळे पाठवतोय. त्या योद्ध्यांबद्दल तुला काय वाटतं ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव