चेन नवी, स्प्रॉकेट जुने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भीमा-सीनेला पूर आला की चिखलात आणि पाण्यातही चालणाऱ्या सहा-आठ चाकी गाड्यांचा विषय निघतो. यातल्या बहुतेक गाड्यांना बोटीसारखा पाणी लोटणारा पंखा नसतो. टायरच्या खाचाच पाणी मागे लोटतात. वळण घ्यायचे तर एका बाजूच्या चाकांना ब्रेक लावायचा. सगळी ताकद गाडीच्या पोटातल्या चेनवरून एक्सलना मिळते. एका बाजूची मुख्य चेन तुटली की गाडी भर पाण्यात गोल फिरू लागते.

चेन बदलताना पैसे वाचवायला जुने स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, तसेच ठेवतात, आणि तिथेच घात होतो. झिजलेला दात आकड्यासारखा एका अंगाला कलतो. त्यावर नव्या चेनचे रोलर चढतात आणि तीही लवकर ताणते. त्या चेनवरची सगळी स्प्रॉकेट एकदम बदलावीत. चेन तुटली नसली तरी मापून बघावी: पाच सुती (५/८ इंच) पिचच्या, म्हणजे दोन पिनांमध्ये तेवढे अंतर असलेल्या, पन्नास नंबर चेनच्या १६ कड्या ताणून धरल्यावर २५४ मिमी भरतात. त्या २५९ भरल्या तर चेन भंगारात. लांबी जुळवायला हाफ लिंक (एकच वाकडी जोडकडी) घालू नये, कारण तीच सर्वांत कच्ची कडी.

कामाआधी गाडी ठोकळ्यांवर घेऊन चाके मोकळी करावीत. तुटलेल्या कडीचे सगळे तुकडे मोजून बाहेर काढावेत; एखादा आत राहिला तर नव्या चेनमध्ये अडकतो. मग प्रत्येक एक्सल हाताने फिरवून बेअरिंगचा खेळ (ढिलेपणा) बघावा. बेअरिंग गेले असेल तर चेन बदलून काही साधत नाही. दोन्ही स्प्रॉकेटना सरळ पट्टी लावून ती एका रेषेत आणावीत. या गाड्या रिव्हर्समध्येही जोर लावतात, म्हणून चेनची टोके जोडताना क्लिपच्या लॉकपेक्षा रिव्हेट केलेला जोड बरा. क्लिपच लावायची तर तिचे बंद टोक पुढे जाण्याच्या दिशेला ठेवावे. चेनची ढील दोन स्प्रॉकेटच्या केंद्रांमधल्या अंतराच्या दोन-तीन टक्के ठेवावी, म्हणजे ६० सेंमीला १२ ते १८ मिमी. चाक पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथेच मोजावी. जास्त ताणली तर बेअरिंग खाते, सैल राहिली तर वळणावर दात सोडते.

एक्सलच्या सीलमधून पाणी आत येते. त्यासोबत आलेली वाळू आणि आपली काळी माती तेलात मिसळली की पॉलिशपेस्टच तयार होते. म्हणून पाण्यातून आल्यावर ड्रेन प्लग काढून पोट धुवावे आणि सुकल्यावर पातळ चेन ऑइल कड्यांच्या आतल्या बाजूने सोडावे. जाड ग्रीस पिनपर्यंत पोचतच नाही, ते बेअरिंगला. तिथे मात्र दुधाळ ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारावी.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी मे महिन्यातच तळाची फळी उघडावी. पन्नास-साठ नंबरची चेन बाजारात मिळते. स्प्रॉकेट मात्र दात, बोअर (मधले भोक) आणि ते एक्सलवर पक्के करणाऱ्या चावीची खाच जुळवून आधीच मागवावे लागते.

– एक गॅरेजचालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर