सूचना : ल्युपस असलेल्या सभासदांनी लघवीकडे लक्ष द्यावे

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. त्यामुळे मूत्रपिंडाला सूज आली तरी बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून ती कळायला उशीर होतो. लघवीला फेस येऊन तो लवकर विरत नसेल, तर प्रथिने जात असू शकतात. सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज, लघवी चहासारखी तांबूस, रक्तदाब वाढलेला, ही बाकीची लक्षणे. नागपूरच्या मे महिन्यात पायाची सूज उन्हावर आणि गडद लघवी कमी पाण्यावर ढकलली जाते. तपासल्याशिवाय तसे धरू नका.

सकाळच्या पहिल्या लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 0.5 च्या वर आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये, निकाल चुकतो. रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका, ते उशिरा वाढते. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक मनाने घेणे टाळाच.