घोड्यांच्या मुलुखातून

प्रिय वासंती,

तुझं पत्र आलं. ऑक्टोबरात लेकाकडे सिनसिनाटीला येतेयस आणि तिथून चार दिवस लेक्झिंग्टनला माझ्याकडे, हे वाचून मी लगेच वरच्या खोलीची आवराआवर सुरू केली. पण बाईसाहेब विचारतात काय, तर ‘घोडे आणि दारू सोडून तुमच्या केंटकीत बघण्यासारखं आहे तरी काय?’ दारू सोडू हवं तर. घोडे कसे सोडणार गं? इथे लोक घोड्यांच्या समाध्या बघायलासुद्धा लांबून येतात.

आधी जमिनीचं सांगते. या भागाला ब्लूग्रास म्हणतात, पण निळं गवत शोधत बसू नकोस, चांगलं हिरवंगार आहे. जमिनीखाली चुनखडीचा दगड. त्यातलं कॅल्शियम नि फॉस्फरस पाण्यात आणि गवतात उतरतं, त्यावर वाढलेल्या शिंगरांची हाडं भक्कम होतात, असं इथे जो भेटेल तो सांगतो. त्याच दगडाचे कुरणांभोवती बांध घातलेत, चुना-सिमेंटाशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून. अगदी आपल्या कोकणातले गडगे! फक्त वरचे दगड उभे, एकमेकांना टेकवून लावलेले. सुरुवातीला आयर्लंडकडून आलेल्या गवंड्यांनी ते रचले, मग त्यांच्याकडून काम शिकलेल्या काळ्या गुलामांनी. जुन्या फ्रँकफर्ट रस्त्याने तुला गाडीतून सावकाश नेईन. मला विचारशील तर या मुलुखातली सगळ्यांत मोठी वास्तू हे बांधच आहेत. पण ते रचणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

घोड्यांची मात्र ठेवली. मॅन ओ’ वॉर १९१७ साली इथेच जन्मला, २१ शर्यती धावला, २० जिंकला. गंमत म्हणजे केंटकीत तो एकदाही धावला नाही, आणि हरला ती एकच शर्यत, १९१९ साली, अपसेट नावाच्या घोड्याकडून! १९४७च्या नोव्हेंबरात तो गेला तेव्हा त्याला ओकच्या पेटीत ठेवलं, आत त्याच्या मालकाच्या जॉकीच्या पोशाखाचे रंग लावले, आणि लोक रांगेने दर्शन घेऊन गेले. अंत्यविधी रेडिओवरून ऐकवला म्हणे. त्याचा मोतद्दार विल हारबट, काळा माणूस, वर्षानुवर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांना या घोड्याच्या कथा रंगवून सांगायचा. तो घोड्याच्या जेमतेम महिनाभर आधी गेला होता. इथले लोक या दोन मृत्यूंचा संबंध जोडतात. मी जोडत नाही, पण ऐकताना गप्प बसते.

आता मॅन ओ’ वॉरची समाधी केंटकी हॉर्स पार्कमध्ये आहे, वर त्याचा खऱ्याहून मोठा पुतळा. तिथे जवळच आणखी एक थडगं आहे, आणि तुला मुख्यतः तेच दाखवायचंय: आयझॅक मर्फी, जॉकी. गुलामगिरी संपायच्या थोडं आधी, १८६१ साली जन्मलेला काळा मुलगा. केंटकी डर्बी, म्हणजे इथली सगळ्यांत मानाची घोड्यांची शर्यत, त्याने तीनदा जिंकली, १८८४, १८९० आणि १८९१ साली. १८९६मध्ये, पस्तिशीतच गेला. त्याला शहरातल्या काळ्यांच्या स्मशानात पुरलं. पुढे लाकडी खूण कुजली आणि थडगं कुठलं तेच लोक विसरले. १९६०च्या दशकात एका चिकाटीच्या माणसाने ते शोधून काढलं, आणि १९६७ साली अस्थी उचलून मॅन ओ’ वॉरशेजारी आणल्या. पुढे घोड्याची समाधी हॉर्स पार्कला हलली, तेव्हा मर्फीचीही हलली. मानाची जागा मिळाली म्हणायचं; पण माणसाला ती मिळाली एका घोड्याच्या शेजारी, ज्याला त्याने जन्मात पाहिलंही नव्हतं. मला याचं काय करावं कळत नाही. तूच बघून सांग.

म्हणूनच त्या जुन्या स्मशानात, आफ्रिकन सिमेटरी नंबर दोनमध्ये, आपण नक्की जाऊ. १८७५च्या पहिल्या डर्बीत १५ पैकी १३ जॉकी काळे होते. ती जिंकणारा ऑलिव्हर लुईस तिथेच आहे. १८९५ची डर्बी पंधराव्या वर्षी जिंकणारा जेम्स पर्किन्ससुद्धा. पुढे गोऱ्यांनी या लोकांना मैदानातून पार हुसकावलं. १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षं डर्बी जिंकलेला जिमी विंकफील्ड शेवटी रशियात जाऊन तिथल्या शर्यतींत धावू लागला!

कॅल्युमेट फार्म, घोड्यांच्या पैदाशीचा, बाहेरूनच बघायचा. बेकिंग पावडरच्या पैशांवर उभा राहिलेला. पांढरी कुंपणं, पांढऱ्या इमारतींना लाल कडा. व्हर्लअवे आणि सायटेशन हे दोन ट्रिपल क्राउनवाले, म्हणजे डर्बी धरून तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकलेले घोडे, इथलेच. १९९१ साली दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी लिलावात १ कोटी ७० लाख डॉलरना गेला. कुंपणं अजून पांढरी आहेत, हे विशेष. इतर बरेच जण काळ्या रंगावर आलेत, तो स्वस्त पडतो.

पॅरिस गावाजवळच्या क्लेबोर्न फार्मवर सेक्रेटेरियट या घोड्याची समाधी. शर्यतीच्या घोड्याचं डोकं, काळीज आणि खूर तेवढे पुरायची इथली रीत. हा मात्र १९८९ साली अख्खा पुरला. १९७३मध्ये बेलमाँटची शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकलेला घोडा, तेवढं त्याचं करायलाच हवं होतं बहुतेक.

एक चावट गोष्ट. लेक्झिंग्टनच्या कोर्टासमोर जॉन हंट मॉर्गन या सिव्हिल वॉरमधल्या दक्षिणेच्या सेनानीचा घोड्यावरचा पुतळा होता. त्याची लाडकी बेस ही घोडी. पण १९११मध्ये शिल्पकाराने तिला चक्क घोडा केलं, सर्व अवयवांसकट! विद्यार्थी रात्री येऊन नेमका तेवढाच भाग रंगवून जायचे. जवळच पूर्वी गुलामांचा बाजार भरायचा, म्हणून २०१७ साली पुतळा तिथून काढला आणि पुढे मोठ्या स्मशानात नेला.

वेळ उरला तर प्लेझंट हिलला शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव बघू. बायका-पुरुषांची दारंही वेगळी, जिनेही वेगळे, लग्न वर्ज्य. साहजिकच १९१० साली पंथ तिथून आटोपला. जिने मात्र असे सुंदर की तू वर-खाली करत राहशील.

आता कामाचं. कीनलँडला, म्हणजे इथल्या शर्यतीच्या मैदानावर, १९३६पासून शर्यती होतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तुझा मुहूर्त बरोबर लागलाय. १९९७पर्यंत तिथे शर्यतीचं धावतं वर्णनसुद्धा नव्हतं, डोळ्यांनी बघायचं आणि गप्प बसायचं. सोमवार-मंगळवारी शर्यती नसतात, म्हणून बुधवार ते रविवार धरून ये. सकाळी लवकर घोड्यांचा सराव फुकट बघता येतो, तेव्हा स्वेटर आण, गारठा असतो. पैजेला दोन डॉलरच्या वर हात घालायचा नाही, तुझी सवय मला ठाऊक आहे. क्लेबोर्नला आधी नाव नोंदवावं लागतं, त्यामुळे तारीख नक्की झाली की लगेच कळव.

भावोजींना नमस्कार. आणि कोकमाचं आगळ आणणार असशील तर बाटली नीट गुंडाळ.

तुझी,
मीना