अग्रलेख कोल्हापुरीचा, फोटो खिळ्यांच्या चपलेचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोल्हापुरी चपलेला जागतिक मान मिळाल्याबद्दलचा आपला कालचा अग्रलेख वाचला. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तो शो, त्यावरचा गदारोळ, मग प्राडाची कबुली आणि डिसेंबरात महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी झालेला करार हे सगळे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. अग्रलेखातली तळमळ खरीच असेल. अडचण एवढीच आहे, की त्या तळमळीशेजारी चार कॉलम अडवून जी चप्पल छापली आहे ती कोल्हापुरी नाही.

टाचेवर तीन खिळ्यांची डोकी चमकताना दिसतात. हाताने केलेल्या अस्सल जोडात खिळा नसतो. वरचा तळ, खालचा तळ आणि टाच आरीने भोके पाडून चामड्याच्या वादीने शिवतात. छायाचित्रात कडेने पांढऱ्या दोऱ्याची, फूटपट्टी लावल्यासारखी सरळ टीप आहे, म्हणजे मशीनची. दोन्ही पट्ट्यांवरची नक्षी ठिपक्याला ठिपका जुळते, म्हणजे ती डायने, साच्याने, ठोकलेली आहे. वेणी तर विणलेली नाहीच, रेक्झिनवर उठवलेली आहे. हाताने घातलेल्या वेणीचा ताण डाव्या-उजव्या पायात किंचित वेगळा पडतो. तो दोष नसून त्या जोडाची ओळख आहे.

सर्वात मोठी चूक कानांची. कान म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना येणारे ते पाकळीसारखे तुकडे, ज्यांत पट्टा अडकतो. अस्सल जोडात कानाचे चामडे दोन तळांच्या मध्ये घालून वादीने शिवलेले असते, म्हणून चालताना पडणारा सगळा ओढा शिवण घेते. आपल्या छायाचित्रातला कान सोल्युशनने चिकटवून वरून खिळा मारलेला आहे. असा कान पहिल्या पावसाळ्यातच उपटतो, कारण ओल लागली की सोल्युशन सुटते आणि खिळ्याभोवतीचे भोक मोठे होते. मग गिऱ्हाईक म्हणते, "कोल्हापुरी टिकत नाही बुवा." बदनामी होते कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा कर्नाटकातल्या अथणीत रापी (चामडे कापायचे हत्यार) चालवणाऱ्याची.

अग्रलेखात "परंपरागत चामडे" असे मोघम लिहून पुढे जाता येते, पण सगळा फरक तिथेच आहे. तळाला म्हशीचे किंवा रेड्याचे कातडे लागते. ते चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमवायचे. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून त्यात तेच पाणी भरतात आणि टांगून ठेवतात, म्हणजे ते जाडीभर आत मुरते. याला काही आठवडे जातात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने, कमावलेले कातडे त्या मानाने झटपट तयार होते, स्वस्त पडते आणि मऊही असते. पण तळासाठी मऊपणा काय कामाचा? असा तळ बसतो, पसरतो आणि घाम शोषत नाही.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तळाची कापलेली कड पाहा. सालीवर कमावलेले चामडे आरपार तपकिरी असते, तर क्रोमचे आतून निळसर-करडे दिसते, म्हणून नकली मालाची कड काळ्या रंगाने लिंपलेली असते. कडेला पाण्याचा थेंब टाकला तर अस्सल चामडे तो पिते आणि तिथे गडद होते, रंगवलेल्या कडेवरून थेंब घरंगळतो. हेच पिणे पावसाळ्यात त्रासाचे ठरते हेही मान्य करायला हवे. भिजलेला जोड उन्हात किंवा चुलीजवळ वाळवला की तळ वाकडा होतो. सावलीत वाळवून एरंडेलाचा किंवा खोबरेलाचा पातळ हात फिरवायचा. नवा जोड अंगठ्याला चावतो त्यावरही हाच उपाय. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडच्या मालाला तेल लावून काही होत नाही.

आता "भौगोलिक मानांकनाचे कवच" या आपल्या लाडक्या वाक्याविषयी. मानांकन म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क. हे कवच नावाला आहे, आकाराला नाही. कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल कोणी वेगळ्या नावाने विकली तर मानांकनाचा १९९९ चा कायदा फारसे काही करू शकत नाही. प्राडाने आपल्या शोमध्ये "कोल्हापुरी" हे नाव लावलेच नव्हते. उलट आपल्याच बाजारपेठांतून रबरी तळावर रेक्झिन चिकटवून "अस्सल कोल्हापुरी" असा फलक लावून माल विकला जातो, तिथे हा कायदा थेट लागू होतो. कलम ३९ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. मग धाडी का पडत नाहीत? कारण उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच झडती घेता येते आणि त्याआधी मानांकन नोंदवणाऱ्या निबंधकांचे मत मागवावे लागते. ते येईपर्यंत माल दुसऱ्या दुकानात जातो. दिवाणी दावा हा दुसरा मार्ग. पण मानांकन लिडकॉम आणि कर्नाटकातले लिडकर यांच्या नावावर आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची वकिलांची जनहित याचिका फेटाळली तीही नोंदणीधारकाने स्वतः दावा करायला हवा म्हणूनच. इटलीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या फलकाविरुद्ध एक दावा लावून दाखवावा.

दुसरे म्हणजे, कारागिराला हे नाव हक्काने वापरायचे तर "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंद करावी लागते. शुल्क २०२० पासून दहा रुपये आहे, म्हणजे अडचण पैशाची नाही. फॉर्म, उत्पादनाचा पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि ते इंग्रजीतून भरून देणारा माणूस, अडते ते इथे. आठ जिल्ह्यांत, महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापुरात आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांत, वस्तीवर जाऊन हे फॉर्म भरून घेतले तर अग्रलेखापेक्षा जास्त काम होईल. लिडकॉमने क्यूआर कोड आणला हे चांगलेच. पण कोड प्रत्येक जोडाला वेगळा हवा आणि चपलेच्या तळात शिवलेला हवा. खोक्यावरचा स्टिकर उद्या झेरॉक्स होऊन रेक्झिनवर बसेल.

आणि युरोपचेच कौतुक असेल तर एक बातमी आपल्याकडून निसटली. हस्तकलेच्या वस्तूंना युरोपीय संघात नावाचे संरक्षण देणारा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि संघाबाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडे थेट अर्ज करता येतो. प्राडाचे दोन हजार जोड आणि सुमारे ८०० युरो किंमत यावर आपण दीड कॉलम लिहिलात. या अर्जाविषयी एक ओळ नाही.

कराबद्दल तर अवाक्षर नाही. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २,५०० चा जोड गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो, २,६०० चा ३,०६८ ला. वेणीकामाचे शंभर रुपये जास्त मागितले की गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जास्त जातात. मग दुकानदार कारागिराला काय सांगतो? "वेणी कमी कर."

हे सगळे सोडा. ज्या अंकात हा अग्रलेख आहे त्याच्याच पाचव्या पानावर "अस्सल कोल्हापुरी, एकावर एक मोफत" अशी पाव पान जाहिरात आहे. हाताने शिवलेला जोड कोणाला फुकट देणे परवडते, याची चौकशी आपल्या जाहिरात विभागाने केली होती का? की तळमळ संपादकीय पानापुरतीच असते?

छायाचित्राबद्दल दुरुस्ती छापणार असाल तर कृपया चप्पल वरून दाखवू नका. ती तळाच्या कडेने आणि खालून दाखवा, कान दिसू द्या.

कळावे.
एक वाचक, मिरज

ता. क. : रविवारच्या पुरवणीत "हातमागाची पैठणी" म्हणून जी साडी छापलीत, तिच्या पदराची मागची बाजू एका कोपऱ्यात दिसते आहे. मोराच्या मागे धाग्यांची लोंबती लड आहे. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि ती आपल्या हद्दीपासून परत फिरते, म्हणून मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. ती साडी जॅकार्डची, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्राची आहे.